लाहोरच्या वाटेवरील भगिनी

ज्युबिलीच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास यावा, पूर्वीच्या धर्मगुरूंची व धर्मभगिनींची कृतज्ञतेने आठवण व्हावी, आपले मंदिर कसे उभे राहिले हे मुलाबाळांस कळावे, हा रिवाज योग्यच आहे. आणि या पुस्तिकेत ते काम इतर लेखकांनी केले आहे. आमच्या वाट्यास आलेल्या पानांत आम्ही वाचकांस थोड्या निराळ्या इतिहासाकडे नेणार आहोत. ज्युबिली हा शब्द मूळचा जुन्या करारातला. मोशेच्या नियमशास्त्रात दर पन्नासावे वर्ष पवित्र मानण्याची आज्ञा आहे. त्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, दास मोकळे व्हावे आणि ज्याने त्याने आपल्या कुळात परत यावे, असा तिचा आशय. तात्पर्य, ज्युबिली हा उत्सव खरा, परंतु त्याचे मूळ समेटात आहे. म्हणून समेटाचाच एक इतिहास येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

चौसाळ्यासारख्या गावी ख्रिस्ती घरे थोडी, आणि शेजार मात्र सर्व धर्मांचा. पुरुषांची ओळख बाजारात व कचेरीत होते. स्त्रियांची ओळख पाणवठ्यावर, शेताच्या बांधावर, बाळंतिणीच्या उशाशी आणि मयताच्या घरी होते. या दुसऱ्या ओळखीचे मोल इतिहासकार फारसे मांडीत नाहीत. तथापि गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या धर्मांच्या व देशांच्या स्त्रियांनी हीच ओळख हेतुपूर्वक वाढवून शांतीच्या कामी लावण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात आपल्या मराठी भगिनींचा वाटा मोठा होता. तो प्रयत्न कोठे फळास आला, कोठे मोडला, आणि त्यातून आपण काय घ्यावे, एवढेच आम्ही पाहणार आहोत.

शांतीसाठी पुढे झालेली स्त्री ख्रिस्तसभेला नवीन नाही. पोर्तुगालची राणी संत एलिझाबेथ हिने आपला पती राजा दिनीश व पुत्र अफोन्सो यांच्यात पेटलेले युद्ध स्वतः मध्ये पडून शमविले, आणि इ. स. १३३६ मध्ये पोर्तुगाल व कास्तील या दोन राज्यांतील लढाई थांबविण्यासाठी वृद्धापकाळी प्रवास करीत असताच तिने देह ठेवला. सिएना येथील संत कॅथरीन ही रंगाऱ्याची मुलगी. तिने भांडणाऱ्या नगरांत आणि प्रत्यक्ष परमगुरूंच्या दरबारी समेटाचा शब्द पोहोचविला. या संतिणी एकेकट्या झगडल्या. अनेक देशांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन, मंडळी स्थापून हे काम करावे, ही कल्पना मात्र विसाव्या शतकातली.

कॅथोलिक स्त्रियांच्या निरनिराळ्या देशांतील संघांचे जागतिक ऐक्य १९१० साली झाले. पुढे चारच वर्षांत महायुद्ध पेटले. ते चालू असताच, एप्रिल १९१५ मध्ये, हॉलंडातील हेग शहरी बारा देशांच्या अकराशेंहून अधिक स्त्रिया जमल्या. ज्यांचे पुत्र व बंधू रणांगणावर एकमेकांवर बंदुका रोखून होते अशाही देशांच्या स्त्रिया तीत होत्या. अमेरिकेच्या जेन अॅडम्स अध्यक्ष होत्या. परमगुरू पंधरावे बेनेडिक्ट यांनी ऑगस्ट १९१७ मध्ये लढणाऱ्या राष्ट्रांस शांतीचे लेखी आवाहन केले. आणि त्याच वर्षी त्यांनी पवित्र मरियेच्या लितानीत 'शांतीची राणी' ही पदवी घालविली. आपण रोझरीनंतर ती पदवी उच्चारतो तेव्हा ती त्या भीषण वर्षाची आठवण आहे, हे ध्यानी असावे.

आता आपल्या देशाकडे वळू. महाराष्ट्रात स्त्रियांच्या देशोदेशींच्या मैत्रीचा पहिला मोठा धागा पंडिता रमाबाईंनी गुंफला. त्या १८८३ साली इंग्लंडास गेल्या, तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला, आणि पुढे अमेरिकेत हिंडून हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी गावोगावी साहाय्यक मंडळे उभी केली. त्या साहाय्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघाले. रमाबाई आपल्या कॅथोलिक पंथाच्या नव्हत्या. परंतु समुद्रापलीकडील अनोळखी स्त्रिया एका मराठी विधवेच्या शब्दावर विश्वास ठेवून दुसऱ्या धर्माच्या मुलींसाठी पैसा धाडतात, हा अनुभव त्यांनीच प्रथम घडविला. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यास सेवासदन उभे राहिले, आणि घराबाहेर पडून एकत्र काम करण्याची सवय मराठी स्त्रियांस लागली.

अशा तयार भूमीत १९२७ सालच्या जानेवारीत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिची मूळ कल्पना मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंची. या बाई आयर्लंडात स्त्रियांच्या मताधिकारासाठी तुरुंग भोगून १९१५ साली हिंदुस्थानात आल्या व येथल्याच झाल्या. पुण्याच्या परिषदेचे अध्यक्षस्थान बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांनी भूषविले. आरंभी विषय एकच ठेवला होता, तो म्हणजे मुलींचे शिक्षण. परंतु शिक्षणाचा विचार करू लागताच या भगिनींच्या लक्षात आले की, दहा-बारा वर्षांची मुलगी सासरी गेली की तिची शाळा संपते. म्हणून बालविवाहाचा प्रश्न आपोआप पुढे आला. हरविलास सारडा यांच्या कायद्यास या परिषदेने जोराचा पाठिंबा दिला, आणि १९२९ साली तो संमत होऊन मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा वर्षे ठरले.

या ठिकाणी वाचकांनी एक गोष्ट विशेष पाहावी. परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष हिंदू महाराणी. दुसऱ्या वर्षी दिल्लीस भोपाळच्या बेगम सुलतान जहाँ. पुढे कराचीस एक पारशी बाई. आणि १९३७ साली नागपुरास राजकुमारी अमृत कौर, ज्या ख्रिस्ती घराण्यातल्या होत्या. यांपैकी कोणीही आपला धर्म घरी ठेवून आली नव्हती. बेगमसाहेब आपल्या धर्माप्रमाणे, महाराणी आपल्या धर्माप्रमाणे वागत. त्यांना एकत्र आणणारी वस्तू म्हणजे लहान मुलीचे लग्न, बाळंतिणीचा मृत्यू, निरक्षरता ही सर्वांच्या घरची दुःखे. धर्माविषयी वाद घालण्यास जमलेली सभा एका दिवसात मोडते. पोरीबाळींच्या जिवासाठी जमलेली सभा वर्षानुवर्षे टिकते, असा हा अनुभव आहे.

चार वर्षांच्या आत या परिषदेचे क्षितिज देशाबाहेर गेले. १९ ते २५ जानेवारी १९३१ या आठवड्यात लाहोर शहरी अखिल आशियाई महिला परिषद भरली. तिच्या संघटनेत राणी लक्ष्मीबाई राजवाडे यांचा मोठा वाटा होता. या बाई अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या कन्या, मुंबईस वैद्यकी शिकलेल्या, व लग्नानंतर ग्वाल्हेरवासी झालेल्या. ब्रह्मदेश, सिंहलद्वीप, अफगाणिस्तान, इराण, जपान येथून प्रतिनिधी आल्या. ब्रह्मदेशाच्या डॉ म्या सेन या बौद्ध देशातून आलेल्या विदुषी. इराणतर्फे बोलणाऱ्या शिरीन फोजदार या मुंबईत जन्मलेल्या, बहाई पंथाच्या. अध्यक्षपदी सरोजिनी नायडू यांची निवड झाली होती. त्या आपल्याच हैदराबादच्या, कारण बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. परंतु मिठाच्या सत्याग्रहात पकडल्या गेल्यामुळे सरोजिनीबाई त्या आठवड्यात कारागृहात होत्या. तेव्हा निरनिराळ्या देशांच्या प्रतिनिधींनी आळीपाळीने अध्यक्षस्थान चालविले. बंदिवासातल्या अध्यक्षेची रिकामी खुर्ची हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती व बहाई भगिनींनी वाटून घ्यावी, यात त्या परिषदेचा सगळा भाव आला आहे.

परिषदेने आपले हेतू स्पष्ट सांगितले होते. आशियातील स्त्रियांत ऐक्याची जाणीव वाढवावी. साधेपणा, कुटुंबनिष्ठा, मातृत्वाविषयी आदर, ईश्वराची जाण हे जे पूर्वेकडचे गुण, ते जतन करावे. रोगराई, निरक्षरता, दारिद्र्य, अपुरी मजुरी, बालमृत्यू व विवाहाच्या अनिष्ट चाली हे जे दोष, ते ओळखावे. पश्चिमेकडून घेण्यासारखे काय ते निवडून घ्यावे. एकमेकींचा अनुभव एकमेकींस कळवावा. आणि शेवटी जगाच्या शांतीस हातभार लावावा. शांती शेवटी आली आहे, हे चुकून झालेले नाही. आधी ओळख, मग आत्मपरीक्षण, मग परस्परसाहाय्य, आणि त्यातून शांती, असा तो क्रम होता.

पुढे काय झाले तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दुसरे अधिवेशन आशियातील दुसऱ्या देशात भरविण्याचा बेत होता. ते कधीच भरले नाही. लाहोरची परिषद संपून आठ महिने होतात न होतात तोच, सप्टेंबर १९३१ मध्ये, जपानच्या सैन्याने मांचुरिया घेतला. ज्या देशाच्या प्रतिनिधीने लाहोरास मैत्रीचा हात पुढे केला, त्याच देशाच्या तोफा शेजारी राष्ट्रावर सुटल्या. कोणी म्हणेल, मग त्या सात दिवसांच्या भाषणांचा उपयोग काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुढे देऊ.

मैत्रीची खरी परीक्षा स्वदेशातही लवकरच झाली. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश सरकारने जातवार निवाडा जाहीर केला आणि कायदेमंडळांतील स्त्रियांच्या जागाही धर्माधर्मांत वाटून दिल्या. तेव्हा १९३३ साली लंडनला पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे तीन भगिनी साक्षीस उभ्या राहिल्या: राजकुमारी अमृत कौर, तय्यबजी कुळातल्या बेगम शरीफा हमीद अली, आणि मद्रासच्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी. एक ख्रिस्ती, एक मुसलमान, एक हिंदू. आम्हांस धर्माच्या नावाने वेगळ्या जागा नकोत, असे तिघींनी एकमुखाने सांगितले. सरकारने त्यांचे ऐकले नाही; १९३५ च्या कायद्यात ती वाटणी कायम राहिली. सर्वच भगिनींचे मतही एक राहिले नाही. अल्पसंख्याकांच्या हिताची काळजी वाहणाऱ्या काहींना राखीव जागा सोडणे धोक्याचे वाटले, आणि त्यांच्या भीतीस काहीच आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. थोड्या घरांचा समाज म्हणून जगणे काय असते, हे आपण ख्रिस्ती लोक जाणतो. तथापि तिघींची ती साक्ष इतिहासात राहिली, कारण फूट पडण्याआधी ती पडू नये म्हणून कोणी तरी उभे राहिले होते, हे तिच्यावरून सिद्ध होते.

मग १९४७ साल उजाडले. ज्या लाहोरात आशियाच्या भगिनी जमल्या होत्या, ते लाहोर परदेश झाले. फाळणीच्या कत्तलीत दोन्ही बाजूंच्या सहस्रावधी स्त्रिया पळविल्या गेल्या. त्या काळोखात अनीस किडवाई या मुसलमान बाईंचे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्यासारखे आहे. त्यांचे यजमान मसुरीस मारले गेले. ते दुःख उरी घेऊन त्या दिल्लीस गांधीजींकडे आल्या आणि त्यांच्या सांगण्यावरून निर्वासितांच्या छावण्यांत सेवेस लागल्या. सुभद्रा जोशी यांच्यासारख्या हिंदू भगिनी त्यांच्या बरोबरीने राबल्या. दोन्ही सरकारांनी पळविलेल्या स्त्रियांस शोधून परत आणण्याचा करार केला, तेव्हा मृदुला साराभाई यांनी ते बिकट काम अंगावर घेतले.

आपला मराठवाडाही त्या वणव्यापासून दूर राहिला नाही. निजामी राज्यात प्रथम रझाकारांच्या जुलमाने हिंदू घरे होरपळली. आणि सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर कित्येक गावी निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या प्रमुखत्वाखाली त्याची पाहणी करविली. दोन्ही वेळी विधवा झालेल्या स्त्रियांचे अश्रू एकाच चवीचे होते. ज्या वस्तीत शेजारणींची ओळख नसते तेथे अफवेला दार उघडे सापडते, ही शिकवण त्या दिवसांनी आपल्या जिल्ह्यांसाठी ठेवली आहे.

लाहोरच्या कार्यातून जे बीज पडले होते ते मात्र कुजले नाही. १९४६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने स्त्रियांच्या दर्जाविषयी आयोग नेमला, तेव्हा त्याच्या पहिल्या सभासदांत बेगम हमीद अली होत्या. मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ साली संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात केवळ पुरुषवाचक शब्द न राहता सर्व मानवप्राणी असा अर्थ यावा, हा आग्रह मुंबईच्या हंसा मेहता यांनी धरला व तो मान्य झाला. या दोघी पुण्यास स्थापन झालेल्या त्या महिला परिषदेच्या अध्यक्ष राहिलेल्या होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांना सभेत बोलण्याचा संकोच होता, त्यांच्याच पिढीचा शब्द सर्व जगाच्या सनदेत गेला. आमच्या मते वरील प्रश्नाचे हे अर्धे उत्तर आहे.

ख्रिस्तसभेनेही या दिशेने श्रद्धावंतांस स्पष्ट मार्ग दाखविला. परमगुरू तेविसावे जॉन यांनी एप्रिल १९६३ मधील 'पाचेम इन तेरीस' या शांतिविषयक परिपत्रात, स्त्रियांचा सार्वजनिक जीवनातील प्रवेश हे या काळाचे एक ठळक लक्षण म्हणून नोंदले. डिसेंबर १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईच्या युखरिस्त परिषदेस आले, तेव्हा ते इतर धर्मांच्या पुढाऱ्यांसही भेटले. ऑक्टोबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा अव्हेर न करण्याची शिकवण दिली. आणि ऑक्टोबर १९८६ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी असिसी नगरीत सर्व धर्मांच्या प्रमुखांस शांतीच्या प्रार्थनेसाठी बोलाविले. म्हणून शेजारधर्माच्या भगिनीबरोबर काम केल्याने आपली श्रद्धा पातळ होते, ही भीती कोणी बाळगू नये.

आता लाहोरची दुसरी यात्रा. तिच्या अग्रभागी पुन्हा एक मराठी स्त्री दिसते. निर्मला देशपांडे यांचा जन्म १९२९ साली नागपुरास झाला. त्यांचे वडील पु. य. देशपांडे हे मराठी साहित्यात मान्यता पावलेले लेखक. विनोबांनी १९५१ साली तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातील पोचमपल्लीस भूदानाचा आरंभ केला; दुसऱ्याच वर्षी निर्मलाताई त्यांच्या पदयात्रेत सामील झाल्या आणि त्यांनी सहस्रावधी मैल देश पायी तुडविला. दंगल झाली की तेथे जावे, ही त्यांची रीत. पंजाब व काश्मीर जळत असता त्या तेथे जाऊन लोकांच्या घरी बसल्या.

फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली ते लाहोर बस सुरू झाली, आणि तीनच महिन्यांत कारगिलचे युद्ध पेटले. युद्धानंतर दोन्ही देशांत एकमेकांचे नाव घेणेही कठीण झाले असता, निर्मलाताई, मोहिनी गिरी, सईदा हमीद प्रभृती भगिनींनी दक्षिण आशियातील शांतीसाठी स्त्रियांची एक संघटना बांधली. तिला 'विप्सा' या संक्षिप्त नावाने ओळखतात. मार्च २००० मध्ये निर्मलाताईंच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानी स्त्रियांनी भरलेली शांतीची बस वाघ्याची सीमा ओलांडून लाहोरास गेली. तिकडे प्रसिद्ध वकील अस्मा जहांगीर व त्यांच्या मैत्रिणींनी त्यांचे स्वागत केले. आणि त्याच वर्षी पाकिस्तानी स्त्रियांची बस दिल्लीस परतभेटीस आली. ज्यांच्या देशांचे सैनिक नुकतेच डोंगरावर एकमेकांचे प्राण घेत होते, त्या देशांच्या माता, विधवा व शिक्षिका एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

या यात्रेनेही युद्धाची भीती नाहीशी झाली नाही. डिसेंबर २००१ मधील संसदेवरील हल्ल्यानंतर ती बस थांबली, २००३ साली पुन्हा सुरू झाली, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये फिरून बंद पडली. परंतु निर्मलाताई १ मे २००८ रोजी निवर्तल्या, आणि पुढल्या वर्षी पाकिस्तान सरकारने एका नागपूरकर मराठी स्त्रीस 'सितारा-ए-इम्तियाज' हा आपला नागरी सन्मान मरणोत्तर दिला. दोन राष्ट्रांत इतके वैर असता एक राष्ट्र दुसऱ्याच्या कन्येस असे गौरवते, ही लहान गोष्ट नव्हे. वरील प्रश्नाचे हे दुसरे अर्धे उत्तर. अशा मैत्रीने तोफ थांबतेच असे नाही. परंतु तोफ थांबल्यावर परत जाण्याची वाट तिने राखलेली असते. १९३१ साली लाहोरास गेलेल्या भगिनी नसत्या, तर २००० साली जाणाऱ्या भगिनींस वेडगळ म्हणण्यास लोकांस अधिक सोपे गेले असते.

या इतिहासाचा आपल्या धर्मग्रामास काय उपयोग? पुण्याच्या परिषदेने ज्या दुःखापासून आरंभ केला, ते दुःख आपल्या जिल्ह्यातून अद्याप गेलेले नाही. कायद्याने मुलीचे वय आता अठरा आहे. तरी दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा तरणी मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी या काळजीने, आणि नवराबायकोचा एक कोयता पुरा व्हावा या हिशेबाने, कोवळ्या पोरींची लग्ने उरकली जातात. ही काळजी हिंदू घरात आहे, मुसलमान घरात आहे, नवबौद्ध घरात आहे आणि ख्रिस्ती घरातही आहे. उसाच्या फडात पाचटाच्या कोपीशेजारी कोप असते, तेथे कोणी धर्म विचारीत नाही. एकीचे मूल दुसरी सांभाळते. परत आल्यावर गावात मात्र ती शेजारीण पुन्हा परकी का व्हावी?

आमची सूचना लहान आहे. धर्मग्रामातील स्त्रियांच्या मंडळाने या ज्युबिली वर्षी गावातील इतर धर्मांच्या भगिनींस बोलवावे, आणि टोळ्या निघण्यापूर्वी एवढेच ठरवावे की कोणाची मुलगी कोणाच्या घरी राहून शाळा पुरी करील. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, ठरावही लागत नाहीत. एकमेकींवर विश्वास लागतो, आणि तो ओळखीने येतो. अशा घरात चार-सहा महिने दुसऱ्या धर्माची मुलगी वाढली, तर त्या दोन घरांत उद्या कोणतीही अफवा सहज शिरणार नाही. चिमणाबाई आणि बेगमसाहेब ज्या कामावर एकत्र बसल्या, तेच हे काम. लाहोरची वाट निघाली ती येथूनच.

पवित्र मरिया गालीलातून निघून डोंगराळ मुलखात एलिझाबेथीच्या घरी गेली, आणि तीन महिने तिच्या सेवेस राहिली. दोन स्त्रियांच्या त्या भेटीस ख्रिस्तसभा आजवर सण म्हणून पाळते. ती शांतीची राणी आपल्या चौसाळ्यातील सर्व घरांवर, सर्व धर्मांच्या लेकीबाळींवर आपली छाया ठेवो, आणि या ज्युबिलीचे फळ म्हणून एक तरी मुलगी आपल्या शेजारणीच्या घरी निर्भयपणे अभ्यास करताना दिसो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.